सीटचा परकर

“कुंभोजकरबाई, आज तुम्ही फळ्यावर काही लिहू नका,” बेडगे सर म्हणाले.

बेडगे सर आमचे हेडमास्तर. एरवी ते समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत, पण त्या सकाळी ते दारावरच्या वाळलेल्या तोरणाशी बोलत होते.

“सर, आज तिसरीला भागाकार शिकवायचाय.”

“तोंडी शिकवा.”

“भागाकार? तोंडी?”

“हो, तोंडी. आणि शक्यतो भिंतीला टेकून शिकवा.” एवढं बोलून सर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मला काही कळेना. शेवटी शाळेत पाणी भरणाऱ्या पारूबाईंनी मला दंडाला धरून आडोशाला नेलं. “बाई, तुमचं पातळ मागनं सीटनं खाल्लंय,” त्या हळूच म्हणाल्या. “आतला परकर दिसतोय. पांढराधोट हाय, तेवढं एक बरं.”

मी हात मागे नेऊन चाचपलं. पातळाला चांगलं तळहाताएवढं भोक पडलं होतं. माझ्या सायकलच्या सीटचं कव्हर गेल्या पावसाळ्यापासून उसवत आलं होतं. आधी नुसती चीर गेली, मग आतला काथ्या बाहेर डोकावू लागला, आणि आता स्प्रिंगची एक तार वर आली होती. त्या तारेनं शाळेच्या वाटेवर कधी डाव साधला, मला पत्ताही लागला नव्हता.

त्या दिवशी मी तिसरीला भिंतीला पाठ लावून भागाकार शिकवला. पलीकडे जायचं झालं तर खेकड्यासारखी आडवी चालत गेले. शाळा सुटल्यावर बेडगे सर खोलीतून बाहेर आले. त्यांच्या हातात भिंतीवरचा कापडी नकाशा होता, महाराष्ट्राचा, नद्या दाखवणारा. “हा गुंडाळून घरी जा,” ते तोरणाला म्हणाले. “पण उद्या आठवणीनं आणा. चौथीला गोदावरी आहे.”

अशी मी महाराष्ट्र कमरेला गुंडाळून तासगावात शिरले आणि मागच्या बोळातून घरात घुसले. परसात सासूबाई भांडी घासत होत्या. त्यांना मी आत्या म्हणत असे, आमच्याकडे तशीच पद्धत. साऱ्या आळीला त्या गोदाक्का.

“हे काय नेसलीस गं?” त्यांनी विचारलं.

“नकाशा.”

आत्यांनी हातातली परात खाली ठेवली. “कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“नक्की?”

“नक्की, आत्या. मागनं आले.”

“मग ठीक हाय,” म्हणून त्यांनी परात परत उचलली. त्यांना एवढंच विचारायचं होतं, आणि ते का, हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझी सायकल माहेरची. मी शाळामास्तरीण झाले तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेली, निळी, लेडीज, पुढे जाळीची टोपली. लग्न झालं तेव्हा कपाट आणि पातेल्यांबरोबर तीही टेंपोतून उतरली आणि आळीतल्या साऱ्या बायका नवरी सोडून सायकल बघायला आल्या. आमच्या आळीत तोवर बाईमाणूस सायकलवर कुणी बघितलं नव्हतं. माझी शाळा मळ्यांच्या वस्तीवर. त्या रस्त्याला एस.टी. जात नव्हती. सायकल नसेल तर शाळा नाही, इतका सरळ मामला होता. आत्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “असू दे. पण ह्या सायकलीपायी ज्या दिवशी माझ्या घरात बोलणं येईल, त्या दिवशी ती विकायची. कबूल?”

मी कबूल म्हणाले. नवी नवरी दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी आळीत शिरताना घंटी वाजवत नसे, हसत नसे, आणि वाटेत सासरेमंडळी दिसली की उतरून चालत असे. बोलणं येऊ नये म्हणून एवढं सांभाळलं होतं आणि आता त्या सीटनं उभा दावा मांडला होता.

दुसऱ्या दिवशी मी सायकल दुरुस्तीवाल्या चौगुल्यांकडे गेले. त्यांनी सीट दोन्ही हातांनी दाबून बघितलं आणि तार बोटाला लागल्यावर हात काढून घेतले. “लेडीज सीट रुंद असतंय बाई. ह्या मापाचं कव्हर आपल्याकडं न्हाई. सांगलीसनं मागवतो.”

“कधी येईल?”

“येईल की.”

चौगुल्यांचं ‘येईल की’ म्हणजे काय, हे सायकल वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मी घरी आले आणि ठरवलं, आपणच शिवायचं.

मला शिवणातलं फारसं येत नसे. माहेरी मी एकच वस्तू धड शिवायला शिकले होते, ती म्हणजे परकर. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की सीटला तरी दुसरं काय हवं असतं? वरून झाकायचं, खालून नाडीनं आवळायचं. प्रश्न होता तो कापडाचा. माझी पातळं विरळ, नवऱ्याच्या खाकी पँटी मोजक्या. जाड कापड घरात एकाच ठिकाणी असण्याची शक्यता होती, ते म्हणजे आत्यांची ट्रंक.

ह्या ट्रंकेबद्दल सांगायला हवं. तिच्यात झंपरपीस असत. हळदीकुंकू, ओटी, बारसं, वास्तुशांत, प्रत्येक ठिकाणी बाईला झंपरपीस मिळतं आणि प्रत्येक ठिकाणी बाईला ते द्यावंही लागतं. त्यातलं अंगाला लावण्यासारखं असेल ते बाई शिवते. बाकीचं पुढे सरकवते. असे कितीतरी तुकडे गावात जन्मभर फिरत असतात आणि त्यांना कधी सुई लागत नाही. फक्त एक चूक करायची नसते: जिनं दिलं तिलाच परत द्यायचं नसतं. त्यासाठी आत्यांची पक्की व्यवस्था होती. वरच्या आळीकडून आलेलं उजव्या गठ्ठ्यात, ते खालच्या आळीला जायचं. खालच्या आळीचं डाव्या गठ्ठ्यात, ते वरच्या आळीला. पाहुण्यांकडचं मधे. अंधारात हात घातला तरी आत्यांचा नेम चुकत नसे.

आत्या देवळात भजनाला गेल्या होत्या. मी ट्रंक उघडली. उजव्या गठ्ठ्याला हात लावायची छाती नव्हती, डाव्याला तर त्याहून नव्हती. मग तळाला अंथरलेल्या जुन्या लुगड्याच्या खाली काहीतरी जाडसर लागलं म्हणून ओढून काढलं. पोपटी रंगाचं झंपरपीस होतं. असा पोपटी की खोलीत उजेड पडावा. त्यावर जांभळी बदकं, एकामागं एक चाललेली, आणि प्रत्येक बदकाच्या चोचीत केशरी फूल. कापड मात्र काय मजबूत! मी हसू दाबत म्हटलं, हे तळाला पडलंय म्हणजे कुणालाही द्यायच्या लायकीचं नाही, ह्याला कोण विचारणार?

मग मी कामाला लागले. काथ्या चेपून आत बसवला. तार पक्कडीनं वाकवली, वर गोधडीचा तुकडा ठेवून दाभणानं सुतळीचे टाके घातले. त्यावर बदकांचा परकर चढवला. नेफा केला, नाडी ओवली आणि सीटच्या खाली करकचून गाठ मारली. थोडं कापड उरलं ते कापवेना, म्हणून खाली झालर सोडली. झालं तेव्हा सायकल नेसून लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती. मला ती इतकी आवडली की मी तिच्याभोवती दोनदा फिरले.

सीटच्या टोकाला कापडाचा कोपरा आला होता. त्यावर कुंकवाच्या बोटांचे डाग होते. झंपरपीस देताना कोपऱ्याला कुंकू लावतात, त्यात विशेष काही नव्हतं. पण हे डाग एकावर एक होते, एक गडद, एक फिकट, एक पार विटकरी. तेव्हा मी त्याकडे नीट बघितलं नाही.

सकाळी आत्या सोप्यात आल्या. आमच्याकडे घराच्या पुढच्या पडवीला सोपा म्हणतात, सायकल तिथेच उभी असे. आत्यांनी सीट बघितलं आणि त्या उंबऱ्यावर बसल्या. मग हात पुढे करून त्यांनी एका बदकावर बोट ठेवलं.

“हे कुठनं काढलंस?”

“ट्रंकेतनं. तळातनं.”

“तळातनं,” आत्या म्हणाल्या.

“काढून टाकू का?”

त्यांनी बोट उचललं. मग म्हणाल्या, “शाळेला उशीर होतोय तुला.”

ह्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत शाळेत गेले असते. माझे यजमान, जयवंत, एस.टी.त कंडक्टर होते. ते ड्यूटीला निघत होते. मी त्यांना दाराआड गाठलं. “आत्या बोलत का नाहीत?”

जयवंतांनी सीट बघितलं, आणि हातातली तिकिटांची पेटी खाली ठेवली. “प्रमिला, ते ओटीचं कापड हाय.”

“मग?”

“मग काय? कुणीतरी सवाष्णीनं कुंकू लावून आईच्या ओटीत घातलंय, आन् तू त्याच्यावर बसणार. जिनं दिलं तिनं बघितलं तर काय म्हणंल? गोदाक्काच्या सुनेनं माझी ओटी बुडाखाली घेतली. बोलणं येणार बघ आता.”

गाठ सोडायला गेले तर नाडी पाण्यानं भिजवून आवळलेली, ती ढिम्म हलेना. कात्री लावायला वेळ नव्हता. मी देवाचं नाव घेतलं, पदर होता होईल तेवढा पसरला आणि बदकांवर बसून निघाले.

समोरच मथूबाई सडा घालत होत्या. आळीतलं सर्वांत तिखट तोंड. त्यांनी मला थांबवलं आणि पदर बाजूला सारून सीट निरखलं.

“हे कापड... कुठलं म्हणायचं?”

“आत्यांच्या ट्रंकेतलं.”

मथूबाईंचा चेहरा पडला. त्यांनी आमच्या दाराकडे बघितलं, मग खालच्या अंगाला इंदूवहिनींच्या घराकडे बघितलं. “गोदाक्का काय म्हणाली?”

“काही नाही.”

“काहीच न्हाई?” मथूबाई पुटपुटल्या. “प्रमिला, मी विचारलं म्हणून सांगू नको हं तिला.” आणि सडा अर्धा टाकून त्या आत गेल्या.

पुढे इंदूवहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सीट बघितलं आणि म्हणाल्या, “छान हाय. फार छान हाय. मी काय बघितलंच न्हाई.” आणि दार लावून घेतलं.

कोपऱ्यावरच्या शेवंताकाकू तर मला बघून धावत आल्या. त्यांनी टोपलीत कारळ्याच्या चटणीची वाटी ठेवली. “घे, डब्यात खा. आन् प्रमिला, हे कापड मी दिलं म्हणून कुणापाशी बोलू नको. इंदूपाशी तर मुळीच न्हाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवंताकाकूंना ते इंदूवहिनींनी दिलं होतं. इंदूवहिनींना मथूबाईंनी. ‘माझ्या ओटीवर बसली’ म्हणून तक्रार करायची तर आधी ‘ते मी दिलेलं’ हे कबूल करावं लागणार, आणि ते कबूल केलं की जिनं आपल्याला दिलं ती विचारणार, “म्हणजे माझं तू पुढं ढकललंस होय?” म्हणून सगळ्यांनी ओळखलं होतं आणि एकीलाही तोंड उघडता येत नव्हतं. शाळेच्या वाटेवर मी मोठ्यानं हसले. माझ्यासारखी सुरक्षित सायकल साऱ्या जिल्ह्यात नव्हती.

पण दोन गोष्टी मला खटकत होत्या. एक म्हणजे मथूबाई. त्या कुणाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या, मग त्या आमच्या दाराकडे बघून का घाबरल्या? आणि दुसरी म्हणजे आत्या. त्या अजून बोलत नव्हत्या. येता-जाता सीटकडे बघायच्या. एकदा मी पाहिलं, त्या झालरीवरची धूळ पदरानं पुसत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “मुंग्या चढल्या होत्या.”

मग चौगुल्यांचं कव्हर खरंच आलं. काळं, चकचकीत रेक्झिनचं, अगदी मापाचं. मी ते आत्यांना दाखवलं. “आजच बदलते,” मी म्हणाले. “बदकं धुऊन, इस्त्री करून परत ठेवते ट्रंकेत.”

आत्यांनी कव्हर उलटंसुलटं करून बघितलं. “चांगलं हाय,” त्या म्हणाल्या. “हे ठेव ट्रंकेत. मधल्या गठ्ठ्यात.”

“आत्या, हे सीटचं कव्हर आहे.”

“कळतंय मला. ठेव.”

मला वाटलं, त्या बदकांचा पुरावा सायकलवरच राहू देताहेत. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार जवळ आला होता. त्या दिवशी आमच्या घरी महालक्ष्मीचं हळदीकुंकू असे आणि सारी आळी येत असे. त्यांना जे बोलायचं ते त्या सगळ्यांसमोर बोलणार, जशी अट घातली होती तशीच. मी रात्री जयवंतांना म्हणाले, “माझी शाळा गेली.” ते म्हणाले, “बघू की.” पण त्यांनी कूस बदलली, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं. मला खरंच रडू आलं. चौथीची गोदावरी अजून समुद्राला मिळायची होती.

गुरुवारी बायका आल्या. सोप्यात सतरंजी टाकली होती आणि सायकल भिंतीशी उभी होती. मी ती परसात ठेवायला निघाले तेव्हा आत्या म्हणाल्या, “असू दे तिथंच.” मग काय, साऱ्या बायका सायकलकडे पाठ करून बसू लागल्या. सगळ्या एकाच बाजूला दाटल्या आणि अर्धी सतरंजी रिकामी राहिली. मथूबाई छताकडे बघत होत्या. इंदूवहिनी केळ्याची साल सोलून केळं खाली ठेवून साल हातात धरून बसल्या होत्या. हवापाण्यावर एवढ्या गप्पा मी आळीत कधी ऐकल्या नाहीत. शेवंताकाकू तीन वेळा म्हणाल्या, “यंदा थंडी बरी हाय.”

एवढ्यात मिरजेहून तानूबाई आल्या. तानूबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, आत्यांची नणंद. आवाज असा की पलीकडच्या आळीला ऐकू जावा. पिशवी खाली ठेवताठेवताच त्यांची नजर सायकलवर गेली.

“अगं बया!” तानूबाई ओरडल्या. “वहिनी, ही तर तुमची बदकं!”

मथूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“माझी कुठली वन्सं, काहीतरीच,” आत्या म्हणाल्या. त्या कुंकवाचा करंडा उगाचच बंद करत होत्या आणि उघडत होत्या.

“तुमची नव्हं तर कुणाची? रथाच्या जत्रेत घेतलेलं तुम्ही. मी होते की संगट, दोन वेण्या घालून. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं तुमचं.” तानूबाई सायकलजवळ गेल्या आणि त्यांनी बदकं मोजल्यासारखी बोटं फिरवली. “साऱ्या दुकानात ह्यांना हेच पसंत. दुकानदार म्हणाला, बाई, हे पडद्याचं कापड हाय. तरी घेतलंच! झंपरापुरतं कापून द्या म्हणाल्या. आन् घरी आल्यावर आमच्या आईनं काय तमाशा केला! बदकं अंगावर घेऊन आळीत हिंडणार का म्हणाली. नाटकातली हायस का म्हणाली. आन् दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी ओटीत घालायला लावलं. कुणाच्या हो वहिनी?”

उत्तर मथूबाईंनी दिलं, डोळे मिटूनच. “माझ्या सासूबाईंच्या.”

“आन् मग?”

“मग त्यांनी मला दिलं. आन् मी... मी इंदूला दिलं. गोदाक्का, मला ठाऊक होतं गं तुझं हाय ते. पण ते शिवून घालायचं म्हणजे...”

“मी शेवंताला दिलं,” इंदूवहिनी सालीकडे बघत म्हणाल्या.

“आन् मी गोदाक्काला,” शेवंताकाकू म्हणाल्या. “मला काय माहीत? मला वाटलं, कुठल्यातरी पाव्हणीचं असंल!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग साऱ्या सतरंजीला जे हसू फुटलं ते आवरेना. मथूबाई हसताहसता रडायला लागल्या. “बाई बाई, एवढी वर्षं मी भीत होते, गोदाक्का एक दिवस विचारणार, माझ्या बदकांचं काय झालं!” ज्यांचा बदकांशी संबंध नव्हता त्याही आता कबुली देऊ लागल्या, कुणाचं किरमिजी कुणाला गेलं, कुणाचं ठिपक्यांचं कुठं पोचलं. मिनिटभरात आळीतल्या साऱ्या ट्रंका उघड्या पडल्या.

फक्त आत्या हसत नव्हत्या. त्या करंड्याकडे बघत होत्या. सगळ्या जरा शांत झाल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, “एकदा अंगाला लावून बघितलं होतं मी. आरशात. नुसतं धरून. मला बरं दिसत होतं.”

मग मात्र कुणी हसलं नाही.

“शेवंतानं परत माझ्या हातात ठेवलं, तेव्हा मला काय वाटलं ते मलाच ठाऊक,” आत्या म्हणाल्या. “म्हटलं, आलात होय गं बदकांनो. आता घालायचं वय न्हाई. आन् पुन्हा कुणाला द्यायला हात होईना. तळाला ठेवलं.”

इतके दिवस मला वाटत होतं की आत्या मनात राग घोळवताहेत. त्या बदकं बघत होत्या. रोज सकाळी मी त्यांची बदकं घेऊन साऱ्या गावातून मिरवत जात होते आणि त्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

पण अट ती अट. मी अजून त्या घरात नवीनच होते आणि दिलेल्या शब्दाचं भय होतं. मी हळूच विचारलं, “आत्या, सायकल कधी विकायची?”

“सायकल? का?”

“घरात बोलणं आलं ना. तुम्ही म्हणाला होता.”

आत्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बोलणं सायकलीपायी कुठं आलं? बदकांपायी आलं,” त्या म्हणाल्या. “आन् बदकं तर सायकलच्या आधीची हायेत.”

तेवढ्यात जयवंत ड्यूटीवरून परतले. खांद्याला पेटी, गळ्यात शिट्टी. सोप्यात एवढ्या बायका बघून ते सवयीनं म्हणाले, “चला, पुढं सरका,” आणि मग जीभ चावली.

“बरा आलास,” आत्या उठत म्हणाल्या. “सायकल खाली घे. मला बसायचंय.”

जयवंत माझ्याकडे बघायला लागले. मी सायकल पायरीवरून खाली उतरवली आणि कॅरियर झाडलं. “बसा आत्या. एका बाजूला पाय टाकून बसा, मी हळू चालवते.”

“कॅरियरवर?” आत्या म्हणाल्या. “कॅरियरवर दळणाचा डबा बसतो. मी सीटवर बसणार. कापड माझं हाय.”

आत्या नऊवारी नेसत, त्यामुळे टांग टाकायला अडचण पडली नाही. खरं म्हणजे माझ्या गोल पातळापेक्षा त्यांचीच सोय जास्त होती. जयवंतांनी एका बाजूनं हँडल धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. मथूबाई आणि इंदूवहिनी मागून कॅरियरला लागल्या. शेवंताकाकू पुढे पळत जाऊन वाटेतली कोंबडी हाकलू लागल्या. तानूबाई तर ओरडूनच सगळ्या आळीला बोलावत होत्या. आत्यांनी पदर खोचला, पाय पायडलवर ठेवले आणि पाठ ताठ केली.

सायकल निघाली. दारादारांत माणसं येऊन उभी राहिली. माझे सासरे मळ्यावरून येत होते, ते आळीच्या मध्येच थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी घंटी शोधून काढली होती. जी घंटी मी लग्न झाल्यापासून आळीत कधी वाजवली नव्हती, ती त्या प्रत्येक दारापुढे वाजवत होत्या. आणि त्यांच्याखालून बदकांची झालर वाऱ्यावर उडत होती.

आळीच्या टोकाला, शेवंताकाकूंच्या कोपऱ्यावर, आम्हाला धाप लागली. मथूबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. जयवंतांनी घाम पुसला. “आई, उतर आता,” ते म्हणाले. “गाडी इथपर्यंतच.”

आत्यांनी पुढे बघितलं. आळी संपून मोठा रस्ता लागत होता, माझ्या शाळेकडे जाणारा.

“पुढचं तिकीट फाड,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी घंटी वाजवली.